बेरुबारीचा वाद एका गाळलेल्या ठाण्यातून सुरू झाला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एमपीएससीच्या तयारीला लागलेल्या कुणालाही ‘बेरुबारी’ म्हणा, उत्तर ठरलेले असते: १९६०, सर्वोच्च न्यायालय, उद्देशिका हा घटनेचा भाग नाही, मग १९७३, केशवानंद भारती, भाग आहे. एका ओळीत विषय संपतो. बेरुबारी आहे कुठे, तिथे भांडण कशाचे होते आणि ते दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोचलेच का, हे क्लासच्या नोट्समध्ये नसते. राजकारणात सीमेवरच्या जमिनीचा विषय निघाला की ‘अमक्याने देशाचा तुकडा देऊन टाकला’ हे वाक्य तयार असते. नेहरूंच्या नावावर बेरुबारी, इंदिरा गांधींच्या नावावर श्रीलंकेकडे गेलेले कच्चथीवू बेट, मोदींच्या नावावर २०१५ मधले बांगलादेशाकडे गेलेले दहा हजार एकर. या तिन्ही प्रकरणांचा कायदेशीर धागा बेरुबारीच्या खटल्यापाशी येतो आणि त्या खटल्याचे मूळ फाळणीची सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्यातल्या एका वाक्यात आहे. ते वाक्य वाचल्याशिवाय या वादावर मत देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. म्हणून ते इथे उलगडून मांडतो.

बंगाल सीमा आयोग ३० जून १९४७ रोजी जाहीर झाला. सिरिल रॅडक्लिफ अध्यक्ष आणि सोबत चार न्यायमूर्ती, दोन हिंदू, दोन मुस्लिम. रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले. कलकत्त्यातली जाहीर सुनावणी १६ ते २४ जुलै अशी झाली, पण पंजाबचेही काम त्यांच्याकडेच असल्याने ते तिला हजर नव्हते. कामकाजाची कागदपत्रे त्यांच्याकडे रोज पाठवली जात. चार सदस्यांचे एकमत होईना, तेव्हा निर्णय एकट्या अध्यक्षांवर आला. अहवालावर तारीख आहे १२ ऑगस्ट आणि तो प्रसिद्ध झाला १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र होऊन गेल्यावर. इतक्या थोड्या दिवसांत जमिनीवर मोजणी होणे शक्यच नव्हते. हाताशी होते ते १९४१ च्या जनगणनेचे आकडे आणि पोलीस ठाण्यांच्या हद्दी दाखवणारे नकाशे. त्यामुळे उत्तर बंगालात फाळणीचा घटक ठरला ठाणे. बेळगाव-कारवारच्या वादामुळे ‘घटक खेडे की तालुका’ हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. घटक कोणता धरला, यावर निम्मा निकाल ठरतो हे आपण जाणतोच.

निवाड्यात सीमा शब्दांत सांगितली होती आणि सोबत नकाशा जोडला होता. दोहोंत तफावत निघाली तर शब्द खरे मानावेत, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. नियम शहाणपणाचा आहे. आठ मैलांना एक इंच अशा प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर अर्धा किलोमीटर पट्टा झाकून टाकते. तेवढ्यात आख्खे गाव मावते. पण हा नियम चालतो तो शब्द पुरे असतील तरच. इथे नेमके तेच नव्हते.

जलपाईगुडी जिल्ह्याबद्दलचे वाक्य असे. सीमा दार्जिलिंग जिल्ह्यातले फांसिदेवा ठाणे आणि जलपाईगुडीतले तेतुलिया ठाणे यांच्या हद्दीने बिहारपासून निघेल. पुढे तेतुलिया आणि राजगंज, मग पचागड आणि राजगंज, मग पचागड आणि जलपाईगुडी या ठाण्यांच्या हद्दींनी जाईल. आणि त्यानंतर देबीगंज ठाण्याच्या उत्तर कोपऱ्यावरून कूचबिहार संस्थानच्या हद्दीला मिळेल. या रेषेच्या उत्तरेचा जिल्हा पश्चिम बंगालला. पाटग्राम ठाणे आणि जिल्ह्याचा पूर्वेला किंवा दक्षिणेला राहणारा इतर भाग पूर्व बंगालला, म्हणजे पाकिस्तानला.

आता कागद घ्या आणि दोन ओळी लिहा. वरच्या ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे फांसिदेवा, राजगंज, जलपाईगुडी. खालच्या ओळीत तेतुलिया, पचागड, बोदा, देबीगंज. निवाड्याच्या वाक्यावर बोट ठेवून दोन ओळींच्या मधून रेघ ओढत चला. पचागड-जलपाईगुडीपर्यंत बोट बिनचूक चालते. तिथून पुढचा टप्पा असायला हवा बोदा आणि जलपाईगुडी यांची हद्द. वाक्यात तो नाही. बोदा हे नावच वाक्यात नाही. पचागडवरून उडी एकदम देबीगंजच्या कोपऱ्यावर. आणि जोडलेल्या नकाशावरची रेषाही याच ठिकाणी चुकीची उतरलेली होती.

जिथे नाव गळले त्याच ठिकाणी बेरुबारी युनियन क्रमांक १२ आहे. युनियन म्हणजे बंगालातला काही गावांचा स्थानिक कारभाराचा गट. क्षेत्रफळ ८.७५ चौरस मैल, १९६० च्या सुमारास वस्ती दहा ते बारा हजार. युनियन जलपाईगुडी ठाण्यातले, पण त्याचा दक्षिण भाग जिभेसारखा खाली बोदा आणि देबीगंजच्या बाजूला उतरलेला. भारताचे म्हणणे सरळ होते: सगळी रेषा ठाण्यांच्या हद्दींनी चालते, तेव्हा गाळलेला टप्पाही ठाण्याच्या हद्दीनेच भरायचा, बोदा-जलपाईगुडी हद्द धरली की आख्खे युनियन भारतात राहते. पाकिस्तानचे म्हणणे: बोद्याचा उल्लेख नाही, नकाशातली रेषा वेगळी आहे, म्हणजे युनियनचा काही भाग आमच्याकडे येतो.

माझ्या मते पहिले वाचन निर्विवाद भक्कम आहे. बोदा ठाणे पूर्व बंगालला गेले, हे दोन्ही देशांनी पहिल्या दिवसापासून मानले होते. मग त्या ठाण्याची उत्तर हद्द हीच सीमा, असे म्हणण्यात काही ओढाताण नव्हती. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. निवाड्याच्या अर्थावरून निघालेले तंटे सोडवण्यासाठी डिसेंबर १९४८ मध्ये दोन्ही देशांनी एक न्यायाधिकरण ठरवले. स्वीडनचे आल्गॉट बागे अध्यक्ष, भारताकडून न्या. चंद्रशेखर अय्यर, पाकिस्तानकडून न्या. शहाबुद्दीन. त्यांच्यापुढे चार तंटे आले: मुर्शिदाबाद-राजशाहीची हद्द, माथाभांगा नदी, पाथरिया टेकड्यांचे जंगल आणि कुशियारा नदी. बेरुबारी त्यात नव्हती. ती पाकिस्तानने पहिल्यांदा काढली १९५२ मध्ये. तोवर युनियनचा कारभार अखंड पश्चिम बंगालकडे होता आणि २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली तेव्हाही ते त्याच राज्याचा भाग होते. ही तारीख पुढे निर्णायक ठरली.

खरी चूक झाली ती १९५८ मध्ये, आणि ती रॅडक्लिफची नव्हे. वाक्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न तिसऱ्या पंचाकडे नेता आला असता. तसे न करता जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझ खान नून यांनी १० सप्टेंबर १९५८ च्या करारात बेरुबारी निम्मी-निम्मी वाटायचे ठरवले. करारातले शब्द असे की विभागणी ‘आडवी’ होईल, देबीगंज ठाण्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून सुरू होईल आणि निम्मे क्षेत्र पाकिस्तानला जाईल. भूमितीच्या वहीतला साधा नियम आहे: एक बिंदू आणि एक दिशा ठरली की रेषा ठरली, आणि रेषा ठरली की दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ आपोआप ठरले. त्यावर ‘निम्मे’ ही वेगळी अट लादली तर ती योगायोगानेच पुरी व्हायची. एका अपुऱ्या वाक्यातून जन्मलेला तंटा मिटवायला दुसरे आपसांत न जुळणारे वाक्य लिहिले गेले. आधीच्या वेळी घाईचे कारण तरी होते.

त्याच करारात कूचबिहारच्या छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पण दुसऱ्याच्या हद्दीने वेढलेल्या तुकड्यांची, अदलाबदलही होती. हा प्रश्न फाळणीहून खूप जुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांशी झालेल्या तहात कूचबिहारने बोदा, पाटग्राम आणि पूर्वभाग हे चकले (परगण्यांसारखे महसुली विभाग) सोडले, पण त्यांच्या आतली काही गावे कूचबिहारच्या सरदारांकडेच राहिली. उलट बाजूनेही तसेच. राजा आणि नवाब बुद्धिबळात गावे पणाला लावत, ही दंतकथा चवीने सांगितली जाते, तिला आधार नाही. कूचबिहार संस्थान असल्याने रॅडक्लिफच्या कक्षेतच नव्हते. त्यांची रेषा त्याच्या हद्दीपाशी थांबते. १९४९ मध्ये संस्थान भारतात आले, १ जानेवारी १९५० ला पश्चिम बंगालमध्ये विलीन झाले आणि त्याचे पूर्व पाकिस्तानात पसरलेले तुकडे एका दिवसात परदेशाच्या पोटातला भारत झाले. १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा सुरू झाल्यावर तर पेच पुरा झाला: व्हिसा काढायचा तर कचेरीपर्यंत जायचे, आणि कचेरीपर्यंत जायचे तर आधी बिनव्हिसा परदेश ओलांडायचा. १९५८ च्या कराराने ठरवले की हे तुकडे एकमेकांना द्यावेत आणि जास्तीच्या क्षेत्राची भरपाई मागू नये. ‘दहा हजार एकर’ हा आकडा जिथून आला ती अट ही.

पश्चिम बंगालमध्ये कराराला कडाडून विरोध झाला. विधानचंद्र रॉय यांच्या काँग्रेस सरकारच्या काळात विधानसभेनेच बेरुबारी सोडायला नकार दिला. शेवटी राष्ट्रपतींनी १ एप्रिल १९५९ रोजी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. प्रश्न तीन होते: बेरुबारीबाबत कायदा करावा लागेल का, लागला तर अनुच्छेद ३ खालचा साधा कायदा पुरेल की अनुच्छेद ३६८ खाली घटनादुरुस्ती हवी, आणि छिटमहालांबाबत काय. आठ न्यायमूर्तींचे एकमताचे मत १४ मार्च १९६० रोजी आले. ते लिहिले होते साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. मराठी विद्यार्थ्याला ही एवढी गोष्ट तरी सांगायला हवी.

केंद्राच्या वतीने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडले की ही जमीन देणे नव्हेच. सीमा कुठे आहे हे दोन देशांनी मिळून निश्चित केले एवढेच, आणि ते सरकारच्या कार्यकारी अधिकारात बसते. न्यायालयाने करारच वाचला. निवाड्याचा अर्थ अमुक, म्हणून सीमा तमुक, असा एक शब्द त्यात नव्हता. अर्थ लावला असता तर रेषा एका ठाण्याच्या हद्दीवर तरी थांबली असती. ‘निम्मे’ हे उत्तर कुठल्याच वाचनातून निघत नाही. म्हणजे भारताच्या ताब्यातली, घटनेने पश्चिम बंगालचा भाग ठरवलेली जमीन परक्या राष्ट्राला देण्याचा हा करार होता. अनुच्छेद ३ राज्याराज्यांतल्या हद्दी बदलण्यापुरता आहे, परदेशाला जमीन देण्यासाठी नाही. म्हणून घटनादुरुस्ती हवी. छिटमहालांनाही तेच लागू.

मग उद्देशिका यात आली कुठून? कराराच्या विरोधकांनी दुसरे टोक गाठले होते. उद्देशिकेतले सार्वभौम लोकशाही गणराज्य पाहा, त्यावरून भारताची भूमी अखंड आहे आणि संसद घटनादुरुस्तीनेसुद्धा ती देऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते नाकारले: सार्वभौम राष्ट्राला भूमी मिळवण्याचा तसा सोडण्याचाही अधिकार असतो, आणि उद्देशिका घटनाकारांचे मन उलगडून दाखवत असली तरी ती अधिकार देतही नाही, काढूनही घेत नाही. या युक्तिवादाला उत्तर देताना ती ‘घटनेचा भाग नाही’ हे वाक्य आले. १९७३ मध्ये ते वाक्य बदलले. जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, हा खटल्याचा खरा निर्णय मात्र आजही उभा आहे. आपण मुलांकडून नेमके रद्द झालेले वाक्य पाठ करून घेतो आणि टिकलेला नियम सोडून देतो, याचे मला फार वाईट वाटते.

डिसेंबर १९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती झाली. ती लागू व्हायला सरकारने दिवस अधिसूचित करायचा होता. बेरुबारीपुरता तो दिवस कधी उजाडलाच नाही. रहिवासी पुन्हा न्यायालयात गेले. १९६५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली, पण त्याच वर्षी युद्ध झाले आणि १९७१ मध्ये करारातला पाकिस्तानच तिथून गेला. ‘नेहरूंनी बेरुबारी देऊन टाकली’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: द्यायचे ठरले होते, दिली गेली नाही. दक्षिण बेरुबारी आज जलपाईगुडी जिल्ह्यातली ग्रामपंचायत आहे.

इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे पंतप्रधान मुजीब यांच्या १६ मे १९७४ च्या करारात वाटणीचा सूर बदलला. दक्षिण बेरुबारीचा दक्षिणेकडचा निम्मा भाग आणि लगतचे छिट, सुमारे २.६४ चौरस मैल, भारताने ठेवायचे. बदल्यात दहग्राम आणि अंगारपोता हे छिट बांगलादेशाने ठेवायचे. आणि दहग्रामला मुख्य भूमीशी जोडायला तीन बिघा इथली १७८ मीटर बाय ८५ मीटर जागा भारताने कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायची. या दीड हेक्टराचा रस्ता उघडायला २६ जून १९९२ उजाडले, तोही आधी दिवसा एका तासाआड. चोवीस तास तो सुरू झाला २०११ मध्ये. बांगलादेशाने करार १९७४ मध्येच घटनादुरुस्तीने मान्य केला होता. भारताकडून १०० वी घटनादुरुस्ती झाली मे २०१५ मध्ये आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. १११ छिट, १७,१६०.६३ एकर बांगलादेशाकडे गेले. ५१ छिट, ७,११०.०२ एकर भारताकडे आले. फरक १०,०५०.६१ एकर. पण यातले १७ हजार एकर कागदावरच भारताचे होते. तिथे आपला ना तलाठी पोचत होता, ना शाळा, ना मतपेटी. त्याच दुरुस्तीत ‘प्रतिकूल ताब्या’च्या, म्हणजे एका देशाच्या पण दुसऱ्याच्या ताब्यातल्या, जमिनींचाही निकाल लागला, ज्याची वहिवाट त्याच्याकडे जमीन या तत्त्वाने, २,७७७ एकर भारताला, २,२६७ एकर बांगलादेशाला. बेरुबारीचा प्रदेश त्या यादीत आहे. आणि साडेसहा दशके आखायची राहिलेली जी ६.१ किलोमीटर सीमा शेवटी ठरली, तिच्या तीन तुकड्यांपैकी दैखाता-५६ हा तुकडा जलपाईगुडीच्या याच कोपऱ्यातला. गाळलेल्या बोद्याची किंमत इतकी वर्षे भरली जात होती.

अर्थ लावणे आणि देऊन टाकणे यांतला फरक बेरुबारीने शिकवला, तो पुढे लगेच कामाला आला. कच्छच्या रणाबाबत लवादाने १९६८ मध्ये निवाडा दिला आणि काही भाग पाकिस्तानकडे गेला, तेव्हा मधू लिमये आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात घटनादुरुस्तीची मागणी केली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला, म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश आणि बेरुबारीच्या पीठावरचे सदस्य, यांच्या पीठाने १९६९ मध्ये ती फेटाळली: तिथे सीमा आखलेलीच नव्हती, लवादाने ती शोधून दिली, तेव्हा हे बेरुबारीसारखे नाही. कच्चथीवूवरचा सगळा युक्तिवाद याच खुंटीभोवती फिरतो. सरकार म्हणते बेट कधी निर्विवाद आपले नव्हते, म्हणून दिले असे होत नाही; जयललिता यांनी २००८ मध्ये याचिका केली ती बेरुबारीचा आधार घेऊन. कोण बरोबर, यावर मतभेद असू शकतात. पण प्रश्न ‘कुणी दिले’ हा नसून ‘करारापूर्वी ती जमीन कायद्याने आणि ताब्याने कुणाची होती’ हा आहे.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच: सीमेच्या तंट्याची बातमी देताना नकाशाशेजारी मूळ निवाड्यातले किंवा करारातले ते वाक्यही छापावे, आणि घटना लागू झाली त्या दिवशी त्या जागेचा कारभार कोण पाहत होते हे एका ओळीत द्यावे. राज्यघटना शिकवणाऱ्यांनी फळ्यावर ती ठाण्यांची दोन ओळींची आकृती काढून मुलांकडून रेघ ओढून घ्यावी. दहा मिनिटे पुरतात. गजेंद्रगडकरांनी लिहिलेले मतही सर्वांना वाचायला खुले आहे. उद्देशिकेवरचा परिच्छेद त्यात किती थोडी जागा व्यापतो, ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा